खारकेची शिट्टी

आमच्या घरात लिंबं आणली जायची ती फक्त सरबतासाठी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल गैरसमज नको. माझे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणतो – लातूरकडून आले आणि भोसरी एमआयडीसीत एकतीस वर्षं टर्नर होते. कुणी भूत, करणी, नजर असला विषय काढला की ते एकच शब्द बोलायचे – "दाखव." मी स्वतः चाकणला एका प्रेस शॉपमध्ये डाय सेटर आहे, म्हणजे पत्रा दाबायचे साचे मशीनवर बसवतो. जे मोजता येत नाही ते आमच्या कामात धरत नाहीत. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. पण हे झालं तेव्हा मी एकटा नव्हतो, दुसऱ्या माणसानेही ते ऐकलंय... म्हणून लिहितोय.

गेल्या वर्षीचा एप्रिल. आम्ही दिघीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मागच्या गॅलरीतून लष्कराच्या हद्दीची भिंत दिसते, पलीकडे नुसतं वाळलेलं गवत. घरात मी, बायको सुजाता, सहावीतली मुलगी तन्वी आणि अण्णा. सुजाता संत तुकाराम नगरला एका शाळेत शिकवते. आई जाऊन पाच वर्षं झाली. आणि खारीक. खारीक म्हणजे तन्वीची गिनी पिग. ओंजळीत मावेल एवढी, खारकेच्याच रंगाची, बिनशेपटीची. फ्रिजचं दार उघडलं की तिला कोथिंबीर आठवायची आणि ती शिट्टी मारायची. ज्यांनी हा प्राणी पाळलाय त्यांना कळेल – व्हीऽऽक, व्हीऽऽक अशी वर वर चढत जाते. खारकेची शिट्टी शेवटी तुटायची, उचकी लागल्यासारखी. ती तिची एकटीची खोड.

मार्चमध्ये तिच्या नाकावरचे केस गेले. रुपयाएवढं टक्कल आणि त्यावर पांढरा कोंडा. मी मेडिकलमधून खाजेची एक ट्यूब आणली आणि लावली. लाली कमी झाली, चार दिवस बरं वाटलं, आणि पाचव्या दिवशी डोळ्याभोवती, कानामागे, सगळीकडे पसरलं. त्याच आठवड्यात तन्वीच्या हातावर गोल लाल चट्टा उठला. खारीक खाईना, आणि तिची शिट्टी बंद झाली. फ्रिज उघडला तरी कोपऱ्यात तोंड घालून बसायची.

संत तुकाराम नगरला लहान प्राणी बघणाऱ्या एक डॉक्टर मॅडम आहेत, तिकडे नेलं. त्यांनी जांभळ्या लाइटखाली बघितलं, थोडे केस तपासणीला काढून घेतले, आणि नायटा आहे म्हणाल्या. फंगस. माणसांना होतो तसाच, आणि तिच्याकडून माणसांना होणारा. माझी ट्यूब बघून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं, त्याने वरची लाली दबते आणि आत फंगस मोकाट वाढतं. मग नवीन मलम दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी, तोंडाने द्यायचं औषध, रोज शिमला मिरचीचा तुकडा, कारण या प्राण्यांना सी व्हिटॅमिन बाहेरून द्यावं लागतं. अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. हातमोजे घालायचे. आणि मलम लावल्यावर दहा मिनिटं मांडीवर धरायचं, नाहीतर ती चाटून टाकते. वरून बरं दिसलं तरी औषध मध्येच थांबवायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

घरी आल्यावर सुजाता म्हणाली की खारकेला कुणालातरी देऊन टाकू. ती वाईट बाई नाही, पण पोरीच्या हातावरचा चट्टा दिसत होता. तन्वी रडत नव्हती, नुसती दारात उभी होती. खारकेच्या खोलीत यायला तिला बंदी होती ना. मीही बायकोच्या बाजूने होतो, सकाळचं मलम मी लावीन पण दुपारचं कोण लावणार? मी चाकणला, या दोघी शाळेत.

तेव्हा अण्णा बोलले. अण्णांनी तोपर्यंत त्या प्राण्याला एकदाही हात लावला नव्हता. उंदीर म्हणायचे तिला. त्यांनी हातमोज्यांचा खोका उचलला, एक जोडी काढली आणि म्हणाले, "गावाकडं आम्हाला वरून पाणी वाढायचे. लांबून. आजारी जिवाला ह्या घरातून मी लांब करू देणार नाही. दुपारचं माझ्याकडं."



त्या दिवसापासून अण्णांनी ड्युटी लावून घेतली. दीड वाजता हातमोजे, मलम, मग जुना टॉवेल मांडीवर आणि त्यावर खारीक. घड्याळ बघून दहा मिनिटं. पुढे पुढे दहाची वीस झाली. मी सुट्टीच्या दिवशी पाहिलं, ते तिच्याशी बोलायचे. काय बोलायचे ते ऐकू येत नव्हतं, कारण आमची चाहूल लागली की थांबायचे. आई गेल्यापासून दुपारी त्यांच्याशी बोलायला घरात कुणी नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. खारीक मात्र गप्पच. चट्टे सुकायला लागले होते, खायला लागली होती, पण आवाज नाही. मॅडम म्हणाल्या, घाबरलेले, दुखणेकरी असले की हे प्राणी मुके होतात, वेळ लागेल.

आता मुख्य गोष्ट.

मंगळवार होता, माझी फर्स्ट शिफ्ट. दुपारचे दोन वाजायला दहा कमी. मोठ्या प्रेसवर डाय बदलून पहिले पीस काढत होतो. प्रेस शॉपमध्ये गेलेल्यांना माहीत असेल, शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, आणि कानात प्लग घालणं सक्तीचं. माझ्या कानात प्लग होते. आणि मला शिट्टी ऐकू आली. व्हीऽऽक... व्हीऽऽक... आणि शेवटी तुटलेली.

मी म्हटलं भास. झोप कमी झाली असेल. प्लग काढले तर फक्त प्रेसचा दणका. परत घातले... तर पुन्हा तीच, अगदी कानाशी. हे उलटं झालं की नाही? बाहेरचा आवाज प्लगने कमी व्हायला हवा.

तेवढ्यात माझ्याबरोबरचा ऑपरेटर, दत्ता, याने खांद्याला हात लावला. दत्ता चाकणजवळच्याच गावचा, वीस वर्षं मशीनवर काढलेला. त्याने मशीन थांबवलं, वरच्या हवेच्या पाइपकडे बोट दाखवलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "भावा, एअर लीक हाय का? शिट्टी वाजती बघ."

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. तोपर्यंत नव्हता.

त्याने एअरचा व्हॉल्व्ह बंद केला. शिट्टी चालूच. दोघांनी पाइप हाताने चाचपला, काही नाही. दोन-तीन मिनिटांनी ती आपोआप थांबली.

मी बाहेर जाऊन अण्णांना फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. तीनदा केला. सुजाताचा फोन शाळेत कपाटात असतो, तोही कुणी उचलला नाही. समोरच्या घरात नुकतेच नवीन भाडेकरू आले होते, त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी सुपरवायझरला सांगितलं की वडील फोन उचलत नाहीत, आणि गेट पास घेऊन निघालो. शिट्टीचं काय सांगणार त्याला?

मोशीत ट्रॅफिक लागलं. एका बाजूने स्वतःला शिव्या देत होतो, की एका उंदराच्या आवाजामागे हाफ डे टाकून निघालायस... दुसऱ्या बाजूने गाडी जमेल तशी कंटेनरच्या गर्दीतून काढत होतो. घरी पोहोचायला तास लागला.

माझ्या चावीने दार उघडून आत गेलो तर अण्णा खुर्चीत होते. अंग घामाने निथळत होतं, शर्ट भिजलेला, डोळे अर्धवट उघडे. मी हाक मारली तर बघितलं पण ओळखलं की नाही कळेना. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर खारीक. एरवी मांडीवर धरून ठेवावा लागणारा प्राणी, तो त्यांच्या हाताला नाक टेकून बसला होता. पायाशी मलमाची ट्यूब पडली होती.

अण्णांना डायबेटिस आहे. ओट्यावर ताट झाकलेलं तसंच होतं. काय झालं असेल ते लक्षात आलं. साखर पाण्यात कालवली आणि चमच्याचमच्याने तोंडात घातली. गिळत होते, एवढं नशीब. आठ-दहा चमच्यांनंतर त्यांची नजर माझ्यावर ठरली. मग रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली गेली होती, अजून उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. जेवणाआधीचं इंजेक्शन घेऊन हे महाशय आधी खारकेचं औषध करायला बसले होते. आधी तिचं, मग माझं, असं म्हणून.

संध्याकाळी दवाखान्यातल्या कॉटवर ते नीट बोलायला लागले. मी शिट्टीबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. तेच आपणहून सांगायला लागले. उठायला गेले तर पाय उचलेनात. हाक मारायची तर आवाज निघेना. फोन समोर टीपॉयवर दिसत होता, पण हात जाईना.

"मग हिला म्हणालो," ते म्हणाले. "तोंडानं म्हणालो का मनात, ते ध्यानात नाही. बाई, आता तूच बोलव त्याला. थोड्या वेळानं तुझा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर तुझं नाव दिसत होतं मला."

मी विचारलं, "मग तिने शिट्टी मारली का?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू साखर माझी उतरलीये.

"कुठली शिट्टी? मुकी झालीया ती. हूं का चूं नाही केलं. नुसती बसली होती माझ्यापाशी."

हे मला जास्त जड गेलं. ती घरी ओरडली असती तर, काय सांगू, काहीतरी धागा तरी लागला असता. समोरच्या घरातल्या ताईंना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. आदल्या दुपारी उकाड्यामुळे त्या दार उघडं टाकून तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी फक्त फोन वाजताना ऐकला होता. म्हणजे ज्या घरात ती होती तिथे आवाज झालाच नाही... आणि चाकणला प्रेसच्या दणक्यात, कानात प्लग घातलेल्या दोन माणसांनी तो ऐकला.

खारीक त्यानंतर बारा दिवसांनी बोलली. रविवारची सकाळ, घरात सगळे होते. अण्णांनी फ्रिज उघडला आणि मागून शिट्टी आली. तन्वी हातमोजे न घालता तिच्याकडे धावली आणि सुजाता तिला ओरडायचं विसरून स्वतःच डोळे पुसायला लागली. मी मोबाइलवर शिट्टी रेकॉर्ड करून घेतली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये दत्तासमोर मोबाइल ठेवला. कशाचा आवाज आहे ते सांगितलं नाही. आमच्याकडे गिनी पिग आहे हेही त्याला माहीत नव्हतं. मी फक्त प्ले केलं. दत्ताचा घास हातातच राहिला.

"हीच की," तो म्हणाला. "त्या दिवशीची. मागं तुटती बघ."

मग मी त्याला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्याने अण्णा आता कसे आहेत एवढं विचारलं, आणि आम्ही जेवलो.

औषध मॅडमनी सांगितलं तेवढे दिवस पूर्ण केलं. नाकावर आधी मऊ लव आली, मग केस. तन्वीचा चट्टाही गेला. अण्णा दुपारी आधी जेवतात, मग खारकेला घेऊन बसतात. आता मलम नाही तरी बसतात.

बाकी मी सगळे हिशेब लावून बघितले. आमच्या शॉपमध्ये तसा आवाज त्याआधी कधी आला नव्हता आणि त्यानंतरही आलेला नाही. मेन्टेनन्सवाल्यांनी हवेची लाइन तपासली, लीक सापडला नाही. अण्णांना हे सगळं मी खूप उशिरा सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी वाट बघत होतो "दाखव" म्हणण्याची. म्हणाले नाहीत. फक्त बुद्ध विहारात बोलू नको म्हणाले, लोक नसते अर्थ काढतील.

हे लिहायच्या आधी त्यांना विचारलं. ते गॅलरीत बसले होते, मांडीवर खारीक. थोडा विचार केला आणि म्हणाले, "लिही. घडलं ते घडलं तसं लिही. पण कशामुळं घडलं ते लिहू नको. आपल्याला माहीत नाही."

म्हणून लिहिलं नाही.