बाहुलीचं टम्म पोट

राजवाड्यातल्या गादीवाल्याला सगळे ‘कापूसमामा’ म्हणत. मिशीत कापूस, भुवयांत कापूस. मामा शिंकला की समोरचा माणूस म्हातारा दिसायचा! दर सहा महिन्यांनी महाराजांची गादी उसवायची, कापूस पिंजायचा, पुन्हा शिवायची, हे त्याचं तीस वर्षांचं काम.

आज मात्र त्याला भर दरबारात उभं राहावं लागलं होतं. सकाळी गादी उसवताच प्रधानजींनी आणलेल्या मांत्रिकबुवांनी तीत हात घालून टाचण्या टोचलेली कापडी बाहुली काढली होती.

“सहा महिने महाराजांची कंबर धरलीय ती हिच्यामुळे!” बुवा गरजले. “करणी राणीसाहेबांची, बाहुली शिवणारी त्यांची दासी!”

राणीसाहेब अडकल्या की त्यांच्या भावाचं सेनापतिपद प्रधानजींच्या जावयाला मिळणार, हे मुदपाकखान्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण फासावर आधी जाणार होती दासी, आणि ती मामाची एकुलती एक लेक. दोरीने हात बांधून तिला कोपऱ्यात उभं केलं होतं.

मामा पुढे सरकला. “सरकार, बाहुली बघू का जरा?”

“हात झडेल, मूर्खा!” बुवा ओरडले.

“झडू दे. लेकीची मान तर राहील.”

त्याने बाहुलीचं पोट दाबलं. कापूस दबला आणि टुणकन वर आला. मामाला सगळं कळलं. पण हे सांगायचं तर वाड्यात आजवर कुणी न उच्चारलेली गोष्ट उच्चारावी लागणार होती.

“बुवा, ही सहा महिने गादीत होती?”

“पहिल्या रात्रीपासून!”

“मग हिचा कापूस ताजा कसा? सरकार...” मामा महाराजांकडे वळला. “आपण निजता ती गादी सहा महिन्यांत लाकडाचा पाट होते. इतरांची नाही होत.”

प्रधानजी छताकडे बघू लागले.

“म्हणजे मी जाडा आहे?” महाराजांनी हळूच विचारलं.

“मी कापसाचं बोलतोय, सरकार.”

महाराजांनी बाहुली घेतली. एकेक टाचणी उपसली. बाहुली सिंहासनावर ठेवली आणि तिच्यावर बसले. बराच वेळ बसले. उठले तेव्हा बाहुली पानासारखी चपटी झाली होती.

कुणीही हसलं नाही.

“पोरीला सोडा,” महाराज म्हणाले. “त्याच दोरीने बुवांना बांधा.”

लेक धावत येऊन बिलगली. “बाबा, जीभ छाटली असती ना तुमची!”

मामा तिच्या मनगटावरचे वळ चोळत होता, तोच मागून आवाज आला, “मामा, कंबर खरंच दुखते रे. यापुढे गादी दर महिन्याला पिंजत जा.”