भारतातला पेरू

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले असते तर वर्ष गेलं असतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी आईने झाशीच्या सीपरी बाजारातून पेरू आणले. माझं पाठांतर घेताना तिने एक पुढे केला. "चाव. बियांजवळ दाताखाली कचकच लागते ना? त्याच तुझ्या पाषाण कोशिका." हिंदी पुस्तकात या दगडी पेशींबद्दल लिहिलं होतं: भिंत इतकी जाड की आत जागा उरत नाही, काम एकच, कडक राहणं.

"तुझी आत्या," आई म्हणाली.

परीक्षेत सूर्यफुलाच्या खोडाचा पातळ काप घ्यायचा होता. स्थूलकोन ऊतीतल्या पेशींच्या भिंती कोपऱ्यांत जाड असतात, त्या दाखवायच्या होत्या. माझा काप सूक्ष्मदर्शकाखाली नुसताच काळा दिसला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डोकावून पाहिलं.

"बेटा, यह सेक्शन है या सलाद की ककड़ी?"

आता फक्त तोंडी परीक्षा उरली होती.

"पाषाण कोशिकाएँ कहाँ मिलती हैं?"

"जी, पेरू में."

"और भारत में?"

"भारत में भी पेरू में, सर."

त्यांनी चष्मा काढला. "भूगोल किसने पढ़ाया तुम्हें?"

तेव्हा चूक कळली. झाशीच्या बाजारात मी जन्मभर हिंदीतूनच भाव केला होता, पण नेमका तो हिंदी शब्द आठवेना. पिशवीत आईने डब्याबरोबर दिलेला पेरू होता. तो टेबलावर ठेवला.

"सर, यह."

"यह तो अमरूद है!"

"जी. घर में पेरू है."

ते हसले नाहीत. "दिखाओ."

बियांजवळचा चिमूटभर गर काचपट्टीवर घेऊन दाबला, सॅफ्रानिन या लाल रंगाचा थेंब टाकला, पाण्याने धुतला. यात ब्लेडचं काम नव्हतं. पेशींचे लाल पुंजके स्वच्छ दिसले: जाड भिंती, मधे टिंबाएवढी पोकळी.

"लाल क्यों हुआ?"

"भिंत में लिग्निन है, सर."

'भिंत'ही मराठीच होती. या वेळी त्यांनी अर्थ विचारला नाही.

घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "उरलेला पेरू कुठाय?"

"सरांनी खाल्ला. मीठ मागवून."

"मग झालीस पास."

महिनाभराने निकालातही तेच आलं.