करीमचाचा आणि माझी कादंबरी

आमच्या घरात वाचता येणारा मी एकटाच होतो, आणि घरातला सर्वांत वाईट वाचणाराही मीच होतो. हा निकाल माझ्या आत्याचा, म्हणजे अक्काचा. तिला अक्षर ओळखता येत नसे, पण निकाल ठाम असत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याच्या कॉलेजातून धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात आलो, तो एक जाड कादंबरी घेऊनच. दुपारी अंगणातल्या निंबाखाली बायका गाद्यांच्या खोळी शिवायला बसत. मी शेजारी बसून प्रोफेसरसाहेबांसारखा स्वच्छ, गंभीर आवाजात वाची. (पहिल्या दिवशी तिघींना झोप लागली. मला वाटलं, तल्लीन झाल्या!)

"पोऱ्या," अक्का म्हणाली, "तुना सरदार बी तूच, राणी बी तूच, घोडा बी तूच! बठ्ठा एकच आवाजमा!"

हे मी सोसलं असतं. पण तिथे करीमचाचा होता! हा आमचा पिंजारी. दरसाल उन्हाळ्यात येऊन आमच्या गाद्यांचा कापूस पिंजून देई. तोही निरक्षर. माझं वाचन तो मुकाट्याने ऐके आणि संध्याकाळी माझे वडील, आबा, शेतातून आले की तोच भाग त्यांना सांगे. राणीसाठी नाजूक आवाज, सरदारासाठी घोगरा, आणि घोडा आला की पिंजायच्या कमानीची तात छेडून ढुंग-ढुंग-ढुंग! गल्लीतली माणसं ओट्यावर जमू लागली.

एका संध्याकाळी मीच पुस्तक उघडून आबांसमोर बसलो. माझ्या वडिलांनी मला शिकवलं, तर त्यांना माझ्याच तोंडून ऐकू दे!

"तू ऱ्हाऊ दे," आबा मायेने म्हणाले. "थकी गया व्हशी. चाचा, तुमीच सांगा."

माझ्या पोटात अशी आग पडली की कापूस दूर होता म्हणून बरं!

मग मी डाव टाकला. शेवटचं प्रकरण वाचलंच नाही. पुस्तक काखेत मारून सकाळीच धरणगावच्या बाजाराला निघून गेलो. आता सांग म्हणावं चाचाला पुढचं!

संध्याकाळी परतलो तर सगळं अंगण डोळे पुसत होतं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"गोष्ट सरनी रे!" अक्का हुंदका देत म्हणाली. "दुष्ट दिवाण विहीरमा पडना, अन् राणी जित्ती उनी!"

"कोणी सांगितलं?"

चाचा कापसाकडे बघत पुटपुटला, "अक्का हटून बसल्या. मग काय करू, बेटा?"

मी विजयाने पुस्तक उघडलं आणि खरं प्रकरण वाचलं. त्यात विहीर नव्हती, दिवाण सुखात होता, आणि राणी दुसऱ्याच पानावर मरत होती. चांगली तीन पानं मरत होती!

"खोटं!" अक्का ओरडली. "नीट वाच!"

मी पुन्हा वाचलं. राणी पुन्हा मेली. ओट्यावरून लोक उठून जाऊ लागले.

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्यांचा चेहरा खरंच उतरला होता. "दोन वरीस कॉलेज करं," ते हळूच म्हणाले, "अन् बाई जित्ती शे का मेली, हाई बी समजत नही तुले?"

छापील अक्षर माझ्या बाजूने होतं. पण ते ओळखणारा साक्षीदार आख्ख्या अंगणात मिळेना!

आबांच्या चेहऱ्याकडे पाहवेना. शेवटी मी घसा साफ केला, नजर राणीच्या चितेवर खिळवली, आणि नाजूक आवाज काढून तिला धडधडीत जिवंत केलं. माणसं परत येऊन बसली. अक्काने पदर डोळ्यांना लावला. आबांचा चेहरा फुलला. "पाहा! मन लावं का येस त्याले!"

एवढ्यात चाचाने कमान खाली ठेवली.

"बेटा," तो मृदूपणे म्हणाला, "विहीरवालं पान राहून गेलं."

मी निमूटपणे एक पान मागे उलटलं, आणि तेही वाचलं.