फळ्यावरची बहीण

मलकापूरच्या इंग्रजी शाळेत मास्तरांनी एक दिवस ‘लाइव्हली’ हा शब्द शिकवला. हसतं-खेळतं, उत्साहानं भरलेलं, असा अर्थ सांगितला. माणसाला चालतो, गाण्याला चालतो, भरलेल्या बाजारालाही चालतो. मास्तर पुण्याकडचे. आमची वऱ्हाडी कानावर पडली की त्यांच्या कपाळाला आठी पडे, पण इंग्रजी जीव तोडून शिकवत. नवा शब्द आला की प्रत्येकाने आपल्या पाहण्यातल्या गोष्टीवर वाक्य करायचं, हा त्यांचा नियम. कोणाचा घोडा लाइव्हली झाला, कोणाचा कापसाचा बाजार. माझी पाळी आली तेव्हा मी इंग्रजीत म्हणालो, माझी बहीण लाइव्हली आहे.

विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली रोज संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरत. गाणी झाली की घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवी आणि आत खिरापत कशाची आहे ते मुलींनी ओळखायचं. त्यात माझ्या थोरल्या बहिणीचा हात कोणी धरत नसे. डब्याला कान लावून ती आधी भलतंच सांगे, ‘खिळे हायेत, काकू,’ सगळ्यांना हसवून लोळवी आणि मग बरोबर नाव घेई. घरी येऊन प्रत्येक काकूची नक्कल करी. बाबा एरवी फार हसणारे नव्हते, पण जेवताना तिला म्हणत, ‘आज कोनाची काढली, सांग.’

मास्तरांनी माझं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांना उतरवून घ्यायला लावलं. मी छाती फुगवून बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरच्या बाईमाणसाचा विषय चारचौघांत काढायचा नाही, तिची तारीफ तर नाहीच नाही, हे वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. मास्तर परगावचे, त्यांना कसं कळणार? मला कळायला हवं होतं.

दोन दिवसांनी मुली भुलाबाईला निघाल्या, तर चौकात आमच्या वर्गातली पोरं उभी. ‘लाइव्हली आली बे, लाइव्हली.’ बहिणीला आधी कळेना, मग तिला हसू आलं. ते हसणं एका अडत्यानं पाहिलं आणि हा शब्द आला कुठून ते पोरांकडून काढून घेतलं. बाबा कापसाच्या दलालीत होते, त्यांच्या कानावर ते रात्रीच्या जेवणाआधी पोचलं.

‘शाळेत काय म्हनलं तू इच्याबद्दल?’ बाबांनी विचारलं. बहीण दाराशीच उभी होती.

मी शब्द सांगितला.

‘मतलब काय त्याचा?’

अर्थ मला तोंडपाठ होता. पण तो सांगितला, तर मी समजून-उमजून बोललो असं होईल आणि पाठ सोलून निघेल, एवढंच मला त्या घटकेला सुचलं.

‘मले नाही ठाऊक. मास्तरनं म्हनायले लावलं.’

‘ठाऊक नाही, त मंग फी काऊन भरून राह्यलो मी?’ बाबा म्हणाले. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, आणि पोराला इंग्रजी आली की तो तहसिलीत चिकटतो, एवढंच त्यांना इंग्रजीबद्दल ठाऊक. असला शब्द घेऊन त्यांनी दुसऱ्या कोणाकडे विचारायला जाणं शक्यच नव्हतं. मला त्यांनी हातही लावला नाही. बहिणीकडे न बघता म्हणाले, ‘उद्यापासून भुलाबाई बंद.’

मुली हाक मारायला येत आणि आई ‘तिले बरं नाही’ म्हणून त्यांना वाटेला लावी. पुढच्या उन्हाळ्यात तिला साखरखेर्ड्याला दिली. लग्न तसंही झालंच असतं, त्या काळी मुली त्याच वयात उजवत, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलं आहे. पण ती गेली ती गप्प होऊन गेली, आणि त्याचं खापर फोडायला मला दुसरं डोकं सापडत नाही.

बाबा वारले त्या वर्षी मी भाऊबिजेला तिच्याकडे गेलो. लाज वाटावी इतकं सुग्रास जेवू घातलं तिनं. मग ओसरीवर सुपारी कातरता कातरता तिनं विचारलं, ‘काऊन रे भाऊ, त्या शब्दाचा मतलब काय होता?’

कोणता शब्द, हे मला विचारावं लागलं नाही.

‘चांगला शब्द हाय, ताई. हसती-खेळती. जिच्यानं घराले घरपन येते, अशी.’

अडकित्ता थांबला. ‘तुले तवा ठाऊक होतं?’

‘हाव.’

‘मले वाटे, काही घाणेरडं असन,’ ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. असता तर मला बरं वाटलं असतं. ‘बाबा मरेपर्यंत माह्याशी नीट बोलले नाहीत. त्यायले तरी सांगाचं होतं ना रे.’