आडव्या फांदीची मिरवेल

ये गं शालन, अशी इथं जवळ येऊन बस. आणि हातातलं ते सूप आधी खाली ठेव. मला रागवायचंय तुझ्यावर, आणि तांदूळ पाखडता पाखडता तू माझं बोलणंही पाखडून टाकतेस, हे मला चांगलं ठाऊक आहे.

काय चाललंय तुझं? संतोषचं, तुझ्या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलं. घरात नवी सून येणार. आणि तू ठरवलंयस काय, तर त्या दोघांना पडवीत प्लायवूडचा आडोसा करून द्यायचा. का? तर मधली खोली 'वैनीची' आहे. अगं, वैनी मुंबईला येऊन दोन वर्षं होऊन गेली! तरी तू ती खोली रोज झाडतेस, माझ्या कॉटवरची चादर बदलतेस आणि दार ओढून घेतेस. फोनवर विषय काढला की "बघूया गो" म्हणतेस आणि गुरांना पाणी दाखवायला पळतेस. मी थोरली जाऊ असून माझं ऐकत नाहीस. म्हणून शेवटी हे लिहून काढलं. आपल्या गावच्या मुंबई मंडळाच्या अंकात छापणार आहेत. म्हणजे सगळी वाडी वाचणार, आणि आपल्यातल्या ज्या ज्या दहिसरपासून घाटकोपरपर्यंत विखुरल्या आहेत, त्याही वाचणार. आता म्हण "बघूया".

पण खोलीचं सांगायचं तर आधी मिरवेलीचं सांगायला हवं.

मी निघाले तो दिवस तुला आठवत असेलच. यांचं वर्षश्राद्ध झालं होतं आणि उदय गाडी घेऊन मला न्यायला आला होता. "आई, आता तू एकटी राहायचं नाहीस." एकटी कुठली? तू होतीस, भावोजी होते. पण मुलाच्या डोळ्याला आईशेजारी बाप दिसला नाही की आई एकटीच दिसते, त्याला तो तरी काय करणार. मी म्हटलं, वर्षभर राहून बघते. जीव रमला तर ठीक, नाहीतर मला परत आणून सोड. नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, डिकी बंद होईना तोवर भरत राहिलीस.

उदयनं हॉर्न दिला आणि मला एकदम वाटलं, इथलं काहीतरी जिवंत आपल्यासोबत हवं. तशीच मागच्या दारी गेले. फणसावर आपली मिरवेल चढलेली. बुंध्याशी गुडघाभर रान माजलेलं, त्यात कोण हात घालणार! उभ्या उभ्या हाताला आली ती एक डहाळी तोडली आणि ओल्या फडक्यात गुंडाळली. तू दारातून ओरडलीस, "वैनी, ही थंय चडतली खंय? लिफ्टीर?" सगळे हसले. हसता हसता तूच आधी पदर डोळ्यांना लावलास.

मुलुंडला उदयचं घर सातव्या मजल्यावर. खिडकीबाहेर लोखंडी ग्रिलचा पिंजरा, त्यात माझ्या सुनेच्या, प्राचीच्या, मोजक्या कुंड्या. नवरा-बायको सकाळी ऑफिसला गेली की घर, मी आणि कुकरची शिट्टी. करणार काय? पाणी घालत सुटले. आपल्याकडे झाडाला पाणी म्हणजे कळशी उपडी करायची. आपल्या जांभ्याच्या मातीत कितीही ओत, खाली निघून जातं. इथं मात्र प्राचीचा मोगरा सुकायला लागला. मला वाटलं, तहानलाय. अजून घातलं. शेवटी मान टाकली बिचाऱ्यानं. उपटून बघते तर मुळं काळी, बुळबुळीत, आणि वास म्हणशील तर तुंबलेल्या गटाराचा. मुळांना पाणी लागतं तसा वाराही लागतो, हे मला या वयात नाकानं शिकवलं. तेव्हापासून आधी बोट खुपसते. पेरभर आत ओल लागली तर गप्प बसायचं.

माझ्या त्या पाण्यानं आणखी एक काम केलं. सहाव्या मजल्यावरून एक दिवस आवाज आला, "अरे ओ आजी! मेरे पापड सुखाने डाले हैं, नहलाने नहीं!" त्या हंसाबेन. मी घाबरून खाली गेले, माफी मागायला. बाईंनी आत बसवलं, चहा दिला आणि स्वतःची तुळस दाखवली. ही घमघमीत, झुडपासारखी. माझी आपली काडीला दोन पानं. त्या म्हणाल्या, "मंजिरी रखते हो ना? इसलिए. बी बन गया तो तुळस सोचती है, अपना काम हो गया." मला कसंतरीच वाटलं, मंजिरी खुडायची म्हणजे! पण खुडली, देवाला वाहिली, आणि खुडली तिथून बाजूला दोन-दोन फुटवे आले. शेंडा होता तोवर सगळा जोर शेंड्यालाच. जन्मभर तुळशीला पाणी घातलं गं मी, पण तिच्याकडे कधी बघितलं म्हणून नाही. गावात झाडं इतकी की बघायचं कशाला? इथं आठ कुंड्या, मग पान न् पान ओळखीचं होतं. कुठलं उजेडाकडे मान वळवतं, कुठलं दुपारचं ऊन लागलं की मिटतं. खालचं जुनं पान पिवळं पडलं तर झाडाला भूक आहे. जुन्यातलं सत्त्व काढून ते कोवळ्याला देत असतं. अगदी आपल्या सासूबाईंसारखं, पोळीचा काठ स्वतःला आणि मधला भाग पोरांना.

आता मिरवेल. ती रुजली. महिनाभर नुसती काडी होती, मग एका पेराशी हिरवं टोक दिसलं आणि मी एकटीच ग्रिलमध्ये टाळ्या वाजवल्या. उदयनं ऑनलाइन एक खांब मागवला, काथ्या गुंडाळलेला. आपण काथ्या चुलीत घालतो, इथं तो खोक्यात घालून घरपोच येतो! खांब कुंडीत रोवला, वेल सुतळीनं बांधली आणि, आता हसू नकोस, मी मनातल्या मनात कौल लावला. देवळात गुरव पाषाणाला पाकळ्या चिकटवतो, उजवी पडली की देवीचा होकार, डावी पडली की नकार, तसंच. म्हटलं, वर्षभरात वेल आपली आपण खांबावर चढली तर मी इथं राहायचं. नाही चढली तर परत जायचं. हे मी कुणालाच सांगितलं नाही. उदयलाही नाही.

आणि वेल काही चढेना. पानं काढायची, आडवी पसरायची, खांबाकडे पाठ. मी सुतळी सोडून बांधायची, ती पुन्हा बाजूला झुकायची. तांदळाचं धुवण घातलं, कांद्याच्या सालींचं पाणी घातलं, उजेडासाठी कुंडी फिरवली. बाई आपल्या रुसल्यासारख्या आडव्याच. प्राची म्हणायची, "आई, मस्त झुडूप झालंय की." मला राग यायचा. झुडूप काय झुडूप! मिरवेल आहे ती, चढायला नको? पण खरं सांगू? तिच्यात मी स्वतःलाच बघत होते. इथं कितीही खायला-प्यायला मिळो, धरवत काही नाही, असं.

वर्ष झालं. गणपतीला निघायच्या आदल्या आठवड्यात मी उदयला सांगितलं, "आता मी तिकडेच राहीन." त्याचा चेहरा पडला. पण "तसं ठरलंच होतं" एवढंच म्हणाला. प्राची बराच वेळ ओट्याशी काहीतरी पुसत राहिली. मग म्हणाली, "बरं आई. पण झाडांना किती पाणी घालायचं, ते मला नीट शिकवून जा. माझ्या हातून मरतात." मी तिचं बोट धरून कुंडीत खुपसलं. दोघींच्याही डोळ्यांत पाणी. बाकी मोगऱ्याचा पहिला खून कुणी केला, ते तिनं तेव्हाही काढलं नाही. गुणाची आहे गं पोर.

गावी आले. तू माझी खोली सारवून, रांगोळी काढून ठेवली होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी गेले आणि फणसाखाली उभी राहिले ती राहिलेच. तू आलीस आणि म्हणालीस, "काय बघतंस गो? फणस पयल्यांदाच बघलंस काय?" मग मी मोठ्यानं हसायला लागले. "हसतंस कित्याक?" तू विचारलंस. गौरी गेल्या आणि मी सामान बांधलं, तेव्हाही तू विचारलंस, रडत विचारलंस, की माझं काय चुकलं. तुझं काय चुकणार, वेडे! ऐक आता.

मी त्या सकाळी आपली मिरवेल पहिल्यांदा बघितली. इतकी वर्षं तिची मिरी काढली, वाळवली, बरणीत भरली, पण बघितली तेव्हा. फणसाला चिकटून सरळ वर जाणारा जो दोर असतो ना, त्याच्या पेरापेराला केसासारखी बारीक मुळं असतात. ती सालीला धरतात. वर चढतो तो दोर. आणि त्या दोराला बाजूला ज्या आडव्या डहाळ्या फुटतात, त्यांना मुळं नाहीत. त्या कशालाच धरत नाहीत, नुसत्या हवेत पसरतात. त्या चढत नाहीत. त्यांना चढायचंच नसतं. आणि मिरीचे सगळे घोस कुठे होते सांगू? त्या आडव्या डहाळ्यांवर. चढत्या दोरावर एकही नाही.

रानात हात नको म्हणून मी हाताला आली ती तोडून नेली होती. आडवी! वर्षभर मी तिला विचारत होते, चढतेस का? आणि चढणं तिच्या अंगातच नव्हतं. बाई माझ्यावर रुसली नव्हती. ती तिचं ते करत होती. कौल डावा नव्हता गं, माझा प्रश्नच वेडा होता.

आणि दुसरी गोष्ट. तिथं फणसाखाली उभी असताना माझ्या मनात पहिला विचार काय आला? खांब काढायला हवा, त्याच्या बुडानं तिची मुळं चेपत असतील. पाऊस उघडलाय, प्राचीनं पाणी घातलं असेल ना? म्हणजे बघ. उभी होते सासरच्या परसात आणि जीव मुलुंडच्या ग्रिलमध्ये. मला वाटत होतं मी रुजले नाही. रुजून झालं होतं, कळलं नव्हतं एवढंच.

परत आले, खांब उपटला. तो आता मनीप्लांटला दिलाय, तो आपला सरसर चढतो. मिरवेलीला तिच्या मनासारखं पसरू दिलं. यंदाच्या आषाढात पानांच्या समोर बारीक पिवळट तुरे लोंबायला लागले. मी हंसाबेनना हाक मारून वर आणलं. त्या म्हणाल्या, "ये तो शेंग लगती है." मी म्हटलं, थांबा. पण एक गंमत झाली. ग्रिलबाहेर आलेल्या तुऱ्यांवर दाणे गच्च भरले आणि आत, छपराखाली राहिलेले तुरे बोडके. एकच झाड, एकच माती, मग असं का? दोन-तीन दिवस नुसती बघत बसले. फरक एकच, बाहेरच्यांवर पाऊस पडत होता. प्राचीनं मोबाईलवर शोधून सांगितलं की पावसाचा थेंब तुऱ्यावरून ओघळतो, तोच पराग खालच्या फुलांपर्यंत नेतो. मग काय, तिची इस्त्रीची पिचकारी घेतली आणि आतल्या नव्या तुऱ्यांवर मीच पाऊस पाडला. धरले गं दाणे! थोडे विरळ, पण धरले. त्या दिवशी उदय ऑफिसातून आला तर त्याला बूटसुद्धा काढू दिले नाहीत, आधी ग्रिलशी नेलं. "म्हणजे आता नाही ना जाणार?" एवढंच म्हणाला. वर्षभर हा प्रश्न पोटात घेऊन फिरत होता बघ.

नाही जाणार, शालन. म्हणून ती खोली संतोषला दे. मी रागानं म्हणत नाही, त्यागबिग तर मुळीच नाही. मी सुखात आहे म्हणून म्हणतेय. तुला वाटतं, खोली दिली की वैनीचं घर गेलं. अगं, घर काय कॉटवर असतं? मला गावी आल्यावर काय हवं असतं, तर दिवे मालवल्यावर तुझ्याशी बोलणं. आणि त्या मधल्या खोलीत तू मला एकटीला निजवतेस, पाहुण्यासारखी! यापुढे माझं अंथरूण माजघरात तुझ्या शेजारी घाल. भावोजी घोरतात ते मला चालेल. नव्या सुनेला मात्र सांग, खिडकीतून फणस दिसतो, तो बघत जा. मी नाही बघितला, तू बघ.

माझं घर आता दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे असणं म्हणजे अर्धं असणं नव्हे, एवढं मला या झाडांनी शिकवलं. बाकी उरलं ते तू येऊन बघ.

पौषात ये. पौषात लग्नाचं काही करायचं नसतंच, तेव्हा सबबी सांगू नकोस. गुरांना संतोष बघेल. तोवर दाणे लाल व्हायला लागतील. एक जरी लाल झाला तरी घोस काढायचा हे तुला सांगायला नको. मी काढणार नाही, तू येईपर्यंत तसाच ठेवणार. आणि इथले बुलबुल भारी चोरटे आहेत, तेव्हा उशीर करू नकोस. ये गं लवकर.