पावणं सर आणि पुठ्ठ्याची वेबसाइट

आम्हाला वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या सरांना माउस धरता येत नव्हता. ते तो ब्रशासारखा तीन बोटांत उचलायचे, हवेत धरून पडद्याकडे बघायचे आणि बाण हलला नाही की माउसवरच डोळे वटारायचे. मागून कुणीतरी म्हणायचं, "सर, टेबलावर टेकवा की." त्यावर, "टेकवला की हात जड हुतो बाबा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला हात होता तो, उतारवयात नवी खोड कुठून लागणार?

दोन हजार सालाच्या आगेमागे कोल्हापुरातल्या आमच्या चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला हा विषय नव्यानं आला. आपापल्या कामांची वेबसाइट करायची, आणि तीही नुसती बघायची नाही. बघणाऱ्यानं बटणं दाबत तिच्यात हिंडायचं. हे प्रकरण कशाशी खातात ते कॉलेजलाही ठाऊक नव्हतं. अक्षरलेखनाचे तास कमी झाले होते, ते शिकवणारे सर रिकामे सापडले, म्हणून विषय त्यांच्या गळ्यात पडला. सहा संगणक होते, त्यातले चार चालायचे. आम्ही बावीस जण. सर पहिल्या दिवशी म्हणाले, "संगणक कुठं पळून जात न्हाय. आधी पुठ्ठं आणा."

आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतातच. त्यात विशेष काही नाही. पण सरांनी तो शब्द वर्गात आणला. "वेबसाइट म्हंजे घर, आन् बघणारा म्हंजे पावणं. पावण्याला मोरी कुठं हाय ते विचारायला लागलं, तर घर बांधणाऱ्याचं चुकलं," असं ते दर तासाला सांगायचे. आठवडाभरात त्यांचं नाव पावणं सर पडलं. त्यांना ते कळलं तेव्हा ते खूशच झाले.

त्यांची पद्धत अशी होती. वेबसाइटचं एकेक पान पुठ्ठ्यावर रंगवायचं, रंगीत कागदाची बटणं चिकटवायची आणि सगळे पुठ्ठे टेबलावर मांडायचे. एका मुलानं संगणक व्हायचं. पावण्यानं बटणावर बोट ठेवलं, की संगणकानं पुढचा पुठ्ठा समोर धरायचा. आणि पावणं खरंच यायचं! दर शनिवारी सर कॉलेजबाहेरच्या स्टॉपवर जाऊन बसची वाट बघणाऱ्या एखाद्याला, "पावणं, च्या घेऊन जावा की," म्हणून घेऊन यायचे. नृसिंहवाडीहून कवठाची बर्फी घेऊन परतणाऱ्या बाया आल्या, एसटीचे कंडक्टर आले, एकदा पोस्टमनही आला. नियम एकच, पण मोठा जाचक. पावणं समोर असेपर्यंत ज्याची वेबसाइट असेल त्यानं गप्प बसायचं. "यजमानानं तोंड उघडायचं न्हाय," सर म्हणायचे. "उद्या मुंबईत कोण तुझं घर बघंल, तवा तू तिथं सांगायला असणार हाईस व्हय?"

माझी पाळी आली त्या शनिवारी पावणं होते कागलकडचे एक म्हातारबा. डोक्याला पटका, पायाशी पंपाच्या सामानाची पिशवी. मी दिव्य केलं होतं. घर म्हटल्यावर दार हवंच, म्हणून एक नक्षीदार दार हळूहळू उघडतं असं दाखवायला मी सात पुठ्ठे रंगवले होते. संगणक झालेला दिग्या ते एकेक करून धरत होता. म्हातारबा मांडीवर हात ठेवून शांतपणे बघत राहिले. सातवा पुठ्ठा आला, दार सताड उघडलं. त्यांनी मान डोलावली. "झालं न्हवं? बरं हाय. येऊ का मग?" म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले. 'अहो थांबा, आत अजून आहे,' असं ओरडावंसं मला वाटत होतं, पण नियम आड आला. वर्ग हसून लोळला. चहा तसाच राहिला होता.

सर मात्र हसले नाहीत. "दारातच आरती वोवाळत बसलास. पावणं उपाशी गेलं," एवढंच म्हणाले. मग त्यांनी माझे उरलेले पुठ्ठे पाहिले. परदेशी अत्तराची बाटली, सोनेरी घड्याळ, समुद्रकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलचं बोधचिन्ह. सगळं माझ्या मनचं, सफाईदार.

"ह्या हाटेलात गेलतास काय कधी?"

"नाही सर."

"मग ह्यात तू कुठं हाईस?"

मला राग आला. पुण्याच्या एका डिझाइन कंपनीत मुलाखत ठरली होती, आणि माझी सगळी भिस्त त्या नोकरीवर होती. तिथं काय चालतं ते पाट्या रंगवणाऱ्या माणसाला काय कळणार, असं माझ्या मनात आलं. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

सर दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचे. जाता-येता बसच्या खिडकीतून पाट्या वाचणं हा त्यांचा खरा देवधर्म. असेच एकदा जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "जयसिंगपुरात ष्टँडच्या अलीकडं एक विहार हाय. त्याची पाटी कुणी रंगवलीया, ठावं हाय कुणाला? 'ह'ची गाठ मारताना भल्याभल्यांचा हात लटपटतो. ह्यो गडी लटपटला न्हाय." सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी खाली मान घालून बसलो.

तास संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "सर, ती पाटी मी रंगवलीय."

"ते मला बसमधनंच कळालं, तुझा 'ह' वळखतो मी. तू कवा सांगतोस, ते बघत हुतो. मग पुठ्ठ्यावर का न्हाय ती?"

मग मी खरं ते सांगितलं. विहाराची पाटी, बुद्धपौर्णिमेचे फलक, जयंतीची कमान, वस्तीतल्या लग्नपत्रिका. आठवीपासून मी हेच करत आलो होतो. पण ते दाखवलं की समोरचा माणूस अक्षरं बघणार नाही, आडनाव बघणार, अशी मला भीती होती. भीती उगाच नव्हती. कोल्हापुरात खोली शोधताना आडनाव सांगेपर्यंत गोड बोलणारी माणसं मी पाहिली होती.

सर जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. "असलं काय न्हाय" असं ते म्हणाले नाहीत, आणि त्यासाठी मी त्यांना जन्मभर मानत आलो. म्हणाले, "बघंल बी कोण तसं. पर माझं बघ. तीस वर्सं रंगवल्या, एका पाटीवर सही न्हाय. आता फ्लेक्स आलं, पाट्या उतरल्या. उद्या कुणी म्हणलं, दावा की काय केलंसा, तर मला नुसतं हातच दावाय लागंल. तुझ्याकडं दावायला हाय, आन् तू झाकतोस."

पुढच्या रविवारी ते कुणाचा तरी कॅमेरा मागून घेऊन माझ्या गावी, जयसिंगपूरला आले. दिवसभर उन्हात उभं राहून त्यांनी माझ्या एकूण एक पाट्यांचे फोटो काढायला लावले. दुपारी आमच्या घरी जेवायला बसले. वडील संकोचून दारापाशीच उभे होते. सरांनी आईकडे आपणहून दुसरी भाकरी मागितली आणि "ठेचा लई झ्याक झालाय, वैनी," म्हणून तिसरीही घेतली. वडील मग येऊन शेजारी बसले.

पुण्याला गेलो तेव्हा माझ्या वेबसाइटला दार नव्हतं. उघडली की समोर थेट विहाराची पाटी. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माउस हातात घेतला आणि मी ओठ घट्ट मिटून बसलो. त्या एकेक पान उघडत गेल्या, परत मागे आल्या, कमानीवर थांबल्या. "ही अक्षरं कुणाची?" त्यांनी विचारलं. "माझी," मी म्हणालो. आडनावावरून त्या काही बोलल्या का, ते आता आठवत नाही; बोलल्या असल्या तरी अक्षरांच्या नंतर. नोकरी मिळाली.

सरांचे तास पुढे बंदच झाले. मी सुट्टीत कोल्हापूरला आलो की अक्षरांचं वळण ओळखून त्यांच्या जुन्या पाट्या शोधत हिंडायचो. एक पिठाच्या गिरणीमागे मिळाली, एक कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून पडलेली. सात-आठ वर्षांत चौदा सापडल्या. त्यांची मी वेबसाइट केली आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. सर आजारानं वाळले होते, पण उशीला टेकून बसले. ती आमची शेवटची भेट ठरली. पुढच्या पौर्णिमेची वाडीची बस काही त्यांना गाठता आली नाही.

पहिल्या पानावर मी त्यांचं नाव लिहिलं होतं. पाटीवर करतात तसं, कोपऱ्यात, सहीसारखं. खाली चौदा पाट्यांची चौदा बटणं. माउस मी माझ्याकडेच ठेवला. आज संगणक मी होतो, त्यांनी नुसतं बोट ठेवायचं होतं. पण ते त्या नावाकडेच बघत राहिले. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. मग मांडीवर हात ठेवले आणि मान डोलावली.

"झालं न्हवं? बरं हाय. येऊ का मग?"

ते माझी थट्टा करत होते, हे मला कळलं होतं. तरी मी लॅपटॉप त्यांच्याजवळ सरकवला. "थांबा की सर," मी म्हणालो, "आत अजून लई हाय."

"यजमानानं तोंड उघडायचं न्हाय," सर म्हणाले, आणि त्यांनी पहिल्या पाटीवर बोट ठेवलं.