दुपारचे तीन गुण

वाचल्याशिवाय वकीलताईंनी कधी वाढदिवसाच्या कार्डावरही सही केली नाही. शेजारच्या डच म्हातारीसाठी इमारतीतून एक कार्ड फिरायचं. बाकीचे दारातच नाव खरडून मोकळे व्हायचे. ताई मात्र चष्मा शोधायच्या, फुलांच्या चित्राखालच्या छापील ओळी वाचायच्या, आधी कोणी काय लिहिलंय तेही वाचायच्या आणि मग म्हणायच्या, "हं. आक्षेप घेण्यासारखं काही नाही." मग सही. तीही देवनागरीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढून.

ताई मूळच्या मिरजेच्या. डच इंजिनियरशी लग्न करून फार पूर्वी इकडे आल्या, इथला कायदा पहिल्यापासून शिकल्या आणि झूटरमेरमध्ये एका खोलीत एकटीचं कार्यालय थाटलं. परदेशी माणसांच्या राहण्याच्या परवान्यांचे खटले हे त्यांचं काम. आमच्यापैकी कोणाच्या घरी खेमेंतेचं, म्हणजे नगरपालिकेचं, जाड पाकीट आलं की दुसरा माणूस हमखास म्हणायचा, "वकीलताईंना दाखवून ये." ताई गेल्याला आता काही वर्षं झाली. जाड पाकिटं अजून येतात.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला पुण्याहून उचलून इथे आणलं. मी चव्वेचाळीस वर्षांची. पदरात पुण्याची एलएल.बी., कधीही न वापरलेली, आणि अंगात तिच्या दसपट आत्मविश्वास. ती बया आज मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवरून जाईन. ताईंनी मला फायली लावायला आणि पत्रं टाइप करायला ठेवलं. पहिल्याच दिवशी विचारलं, "काय पुणेकरीणबाई, पदवीचं इतकी वर्षं लोणचं घातलं होतंत का?"

इथल्या वकिलाची पदवीवर सुटका नसते. दर वर्षी ठरलेले तास वर्गात बसून गुण मिळवावे लागतात. तासाला एक गुण. गुण कमी पडले तर वकिलांची परिषद जाब विचारते, आणि सरकारी मदतीने चालणारे परदेशी लोकांचे खटले ज्या यादीतल्या वकिलांना मिळतात, त्या यादीतून नावही जाऊ शकतं. त्यामुळे डिसेंबर आला की वकीलमंडळी गुणांमागे धावत सुटायची आणि मागच्या रांगेत बसून आपापल्या फायली तपासायची. ताई पहिल्या रांगेत. टिपणं डच आणि मराठीची खिचडी. मी एकदा म्हटलं, "ताई, तुम्हाला तर हे सगळं पाठ आहे." तर म्हणाल्या, "अगं, कायदा दर वर्षी कूस बदलतो. आपण जुन्याच कुशीवर घोरत पडायचं?"

त्या वर्षी मात्र ताईही डिसेंबरात अडकल्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत वसंतातले महिने गेले आणि शेवटी सहा गुण कमी पडले. नेमका तेवढ्याच गुणांचा एक वर्ग नायमेखनला होता, दिवसभराचा. सकाळी तीन, दुपारी तीन. त्यानंतर त्या वर्षात वर्गच नव्हता. ताईंना चालताना त्रास व्हायचा म्हणून मी बरोबर गेले. आयोजकांनी मलाही शेजारी बसू दिलं.

जेवणाच्या सुट्टीत फोन आला. ताईंच्या एका अशिलाला, एका हॉटेलातल्या आचाऱ्याच्या बायकोला, सकाळी धरून विमानतळावर नेलं होतं. संध्याकाळच्या विमानाने परत पाठवणार होते. ताईंनी हातातला काटा खाली ठेवला.

"ताई, दुपारचे तीन गुण?" मी विचारलं.

"विमान संध्याकाळी आहे," ताई कोट चढवत म्हणाल्या. "तू बस. टिपणं काढ, मला वाचायला होतील."

मी बसले. तीन वाजता हजेरीचा कागद फिरत आला. ताईंच्या नावापुढे सकाळची सही होती आणि दुपारचा चौकोन रिकामा. आता पुण्यात कॉलेजात असताना मी निम्म्या वर्गाची हजेरी लावलेली. मैत्रीण सिनेमाला गेली तर तिच्यासाठी 'प्रेझेंट' म्हणणं हा आमच्याकडे गुन्हा नव्हता, संस्कार होता! शिवाय त्या अख्ख्या सभागृहात देवनागरी लिहिणारी मी एकटी. सही केली. शेपूटही काढलं. आणि एका बाईची वकिली वाचवली म्हणून स्वतःवर इतकी खूश झाले की टिपणं काढायचीच विसरले.

डीमनला राहणारी माझी नात ही गोष्ट ऐकताना इथे मला थांबवते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. "आजी, दॅट्स फ्रॉड." हो बाळा, फ्रॉडच.

त्या संध्याकाळी विमान आचाऱ्याच्या बायकोला न घेता उडालं. ताईंनी कोर्टाकडून तातडीची मनाई मिळवली होती. आठवड्याने वर्गाचं प्रमाणपत्र आलं आणि ताईंनी मला टेबलाशी बोलावलं.

"हे किती लिहिलंय?"

"सहा."

"मी किती तास बसले?"

"तीन," मी म्हटलं, आणि घाईघाईने जोडलं, "चुकून दिले असतील हो त्यांनी."

इथे खरं सांगितलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण शहाणी गप्प बसली. ताईंनी वर्ग घेणाऱ्या संस्थेला पत्र सांगितलं: दुपारी मी हजर नव्हते, तीन गुण चुकीने दिले आहेत, ते काढून घ्यावेत. ते पत्र मी टाइप केलं. माझ्याच खोटेपणाविरुद्धचं पत्र, एकही चूक न करता.

उत्तरात हजेरीच्या कागदाची प्रत आली. दोन्ही चौकोनांत सह्या. ताईंनी दोन्हींखाली पट्टी धरली. कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"छान काढलीस," त्या म्हणाल्या. "शेपटीसकट."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचे तीन आठवडे त्या माझ्याशी फक्त कामाचं बोलल्या. तोवर संस्थेकडून प्रकरण डेकनकडे, म्हणजे त्या भागातल्या वकिलांवर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठ वकिलाकडे गेलं होतं. कागदावरून दिसत होतं ते असं की ताईंनी कोणाकडून तरी सही करून घेतली आणि मग घाबरून हात झटकले. जानेवारीत हेगला बोलावणं आलं. गुडघ्यामुळे याही वेळी मी बरोबर होते. जाताना ताई म्हणाल्या, "तू तोंड उघडायचं नाहीस. खोट्या सहीची फिर्याद झाली तर नवऱ्याच्या परवान्यापर्यंत जाईल. मी बघते काय ते."

डेकन उंच, किडकिडीत, अतिशय सभ्य गृहस्थ. कॉफी विचारली. मग विचारलं, "ही दुसरी सही कोणाची?"

"माझी नाही," ताई म्हणाल्या. "माझ्या कार्यालयातल्या माणसाने केली. जबाबदारी माझी."

"कोणी?"

"ते सांगणार नाही."

"मग तुमच्या सांगण्यावरून केली, असं मला धरून चालावं लागेल. त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे."

ताईंना ठाऊक होता. त्या ताठ बसल्या होत्या, फक्त दुखऱ्या गुडघ्यावरचा हात घट्ट झाला होता. आयुष्यभराचं काम या माझ्या एका शेपटीला लटकलं होतं. मला नवरा दिसत होता, त्याचा परवाना दिसत होता, आणि तरी मी उठले. डच सुचेना, इंग्रजीत म्हटलं, "मी केली. त्यांना न विचारता केली." डेकननी भुवया उंचावल्या. अशी कबुली कोणीही देईल, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. मी त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि ताईंची सही काढून दाखवली. मग खात्रीसाठी आणखी एक.

डेकननी कागद हजेरीच्या प्रतीशेजारी ठेवला, बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बनावट सही पाहून हायसं वाटल्यासारखा श्वास सोडला. ताईंना लेखी ताकीद मिळाली. राहिलेले तीन गुण मार्चच्या आत पुरे करायचे होते. नाव यादीत राहिलं.

"आणि या बाई?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"तिचं मी बघते," ताई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. फोरबर्ग मागे पडल्यावर ताई म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

"पण मी खरं सांगितलं ना, ताई!"

"सांगितलंस. मोठं काम केलंस, विसरणार नाही. आणि सही माझ्यासाठी केलीस, तेही कळतं. तेच तर अवघड आहे गं. पुन्हा कधी मी अडचणीत असेन आणि तू पुन्हा माझ्यासाठी काहीतरी करशील. या वेळी कळलं. तेव्हा कळणारही नाही."

मी खिडकीकडे तोंड करून रडू लागले. काढून टाकलेल्या माणसाला दारातून निघून जाता येतं. मला झूटरमेरपर्यंत त्यांच्यासमोरच बसायचं होतं. ताईंनी डबा उघडला. चीजचं सँडविच, आत हिरव्या मिरचीचा ठेचा. अर्धं माझ्या हातात दिलं.

"खा. आणि रडत खाऊ नकोस, ठसका लागेल."

लागलाच. ताईंनी पाठ थोपटली.

पुढे त्या दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायच्या, चकल्यांना नावं ठेवून डबा भरून न्यायच्या. कार्यालयात मात्र त्यांनी मला परत कधी बोलावलं नाही.

त्या दिवशी झूटरमेरच्या स्टेशनावर उतरलो. गुणांच्या पुढच्या वर्गाचा अर्ज त्यांना त्याच दिवशी टपालात टाकायचा होता. त्या कार्यालयाकडे वळल्या, मी घराकडे. दहा पावलं गेले आणि आठवलं, नवी पाकिटं मी कुठे ठेवलीत ते त्यांना माहीतच नाही.

"ताई," मी ओरडले, "पाकिटं खालच्या खणात आहेत!"

"सापडतील," ताई म्हणाल्या. वळून न बघता.